चार दिवसांचे निमंत्रण : यशवंतराव चव्हाण आणि जुलै १९७९

१८ जुलै १९७९ रोजी राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी लोकसभेतील विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण यांना सरकार बनवण्याची शक्यता अजमावण्यासाठी पाचारण केले. २२ जुलै रोजी यशवंतरावांनी आपल्याला ते शक्य नसल्याचे कळवले. मराठी राजकीय चर्चेत हे प्रकरण बहुधा एका हळहळीच्या वाक्यात उरकले जाते : मराठी माणूस पंतप्रधान होता होता राहिला. हळहळ समजण्यासारखी आहे, पण पंतप्रधानपद त्या चार दिवसांत त्यांच्या हाताशी आले होते, असे ती गृहीतच धरते. ते तसे आले नव्हते. म्हणून विचारायचा प्रश्न निराळा आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या वादळात द्विभाषिकाचे, म्हणजे मराठी आणि गुजराती भाषिकांच्या एकत्रित मुंबई राज्याचे, मुख्यमंत्रिपद टिकवणारा, कालपर्यंतच्या विरोधकांना पक्षात सामावून घेणारा आणि केंद्रात संरक्षण, गृह, अर्थ व परराष्ट्र व्यवहार ही चारही वजनदार खाती सांभाळलेला नेता राष्ट्रपतींच्या निमंत्रणानंतरही बहुमताच्या जवळपास का पोहोचू शकला नाही? त्याचे उत्तर त्या चार दिवसांत शोधून फारसे हाती लागत नाही. ते १९५६ ते १९७८ या काळात विखुरलेले आहे.

ठराव आणि राजीनामा

घटनाक्रम थोडक्यात असा. मार्च १९७७च्या निवडणुकीत काँग्रेसला १५४ जागा मिळाल्या, इंदिरा गांधी स्वतः रायबरेलीतून पराभूत झाल्या आणि साताऱ्यातून निवडून आलेले यशवंतराव लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. जानेवारी १९७८मध्ये पक्ष फुटला. इंदिरा गांधींनी आपली वेगळी काँग्रेस उभी केली. यशवंतराव ब्रह्मानंद रेड्डी यांच्या अध्यक्षतेखालील मूळ काँग्रेसमध्ये राहिले, जिचे अध्यक्षपद पुढे स्वर्णसिंग यांच्याकडे गेले. खासदार एकेक करून इंदिरा काँग्रेसकडे सरकू लागले आणि एप्रिल १९७८मध्ये विरोधी पक्षनेतेपद त्या पक्षाच्या सी. एम. स्टीफन यांच्याकडे गेले. १९७९च्या उन्हाळ्यात मात्र कर्नाटकचे मुख्यमंत्री देवराज अर्स यांचे इंदिरा गांधींशी बिनसले, त्यांच्यामागे कर्नाटकातले खासदार इंदिरा काँग्रेसमधून बाहेर पडले, दोन्ही काँग्रेसच्या संख्याबळाचे पारडे पुन्हा फिरले आणि १० जुलै १९७९ रोजी यशवंतराव दुसऱ्यांदा विरोधी पक्षनेते झाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मोरारजी देसाई यांच्या जनता पक्षाच्या सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव मांडला.

ज्यांच्याविरुद्ध हा ठराव होता त्या मोरारजींच्याच हाताखाली यशवंतरावांची प्रशासकीय उमेदवारी झाली होती. १९४६ साली मुंबई राज्याच्या विधानसभेत प्रथम निवडून आल्यावर ते गृहमंत्री मोरारजींचे संसदीय चिटणीस झाले. १९५२नंतर मोरारजींच्याच मंत्रिमंडळात पुरवठामंत्री झाले. आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्यांच्यानंतर मुख्यमंत्री झाले. त्यामुळे या ठरावाला गुरूवर उलटलेल्या शिष्याचा रंग देण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा, कारण विरोधी पक्षनेत्याने अधिवेशनाच्या आरंभी अविश्वासाचा ठराव मांडणे हा संसदीय रिवाजाचाच भाग होता, आणि केवळ विरोधकांच्या मतांवर तो संमत होईल अशी परिस्थिती मुळीच नव्हती.

सरकार कोसळले ते जनता पक्षातल्या पडझडीमुळे. पक्षात विलीन झालेल्या जनसंघाच्या लोकांच्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाशी असलेल्या दुहेरी निष्ठेचा वाद, उपपंतप्रधान चरणसिंग आणि मोरारजी यांच्यातला जुना आकस, आणि राजनारायण यांनी आधीच धरलेली बाहेरची वाट, या साऱ्यांचा स्फोट नेमका ठरावाच्या आठवड्यात झाला. रोज नवे खासदार पक्ष सोडत होते. पक्षांतरबंदीचा कायदा यायला अजून सहा वर्षे अवकाश होता. त्यामुळे एका बाकावरून उठून दुसऱ्या बाकावर बसण्यास कोणतीही आडकाठी नव्हती. चर्चेत सरकारची आवेशाने बाजू मांडणारे जॉर्ज फर्नांडिस काही दिवसांतच सरकारमधून बाहेर पडले. आपण बहुमत गमावले आहे हे दिसताच मोरारजींनी १५ जुलैला राजीनामा दिला. ठरावावर मतदान झालेच नाही.

राष्ट्रपतींनी पहिले बोलावणे यशवंतरावांना पाठवले ते याच पार्श्वभूमीवर. ज्याच्या ठरावामुळे सरकार गेले त्या विरोधी पक्षनेत्याला प्रथम संधी द्यावी, हा ब्रिटिश पद्धतीचा संकेत त्यांनी पाळला. दोन बाकांच्या सभागृहात तो संकेत चपखल बसतो, कारण तिथे विरोधी पक्ष हाच पर्यायी सरकार असतो. जुलै १९७९च्या लोकसभेत मात्र अधिकृत विरोधी पक्षाचे संख्याबळ शंभराच्या आत होते आणि बहुमतासाठी सुमारे २७० सदस्य लागणार होते. निमंत्रण संकेताला धरून होते. त्यामागे संख्येचा आधार नव्हता.

मुंबईत जे जमले

कमी संख्येतून बहुमत उभे करणे यशवंतरावांना नवीन नव्हते. किंबहुना त्यांची कारकीर्द त्यावरच उभी राहिली. १९५६ साली मोरारजी बाजूला झाल्यावर नेतेपदाच्या निवडणुकीत त्यांनी भाऊसाहेब हिरे यांचा पराभव केला, आणि तो करताना गुजरात व मुंबईच्या आमदारांची मते त्यांच्या पाठीशी होती. ज्या राज्याचे ते मुख्यमंत्री झाले ते राज्य मोडावे अशी त्यांच्याच भाषिकांतल्या मोठ्या वर्गाची मागणी होती. १९५७च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण उडवली. खुद्द यशवंतराव कऱ्हाडमधून थोडक्या मतांनी तरले. सरकार टिकले ते विदर्भ, मराठवाडा आणि गुजरातच्या जागांमुळे. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पंडित नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले, तेव्हा वाटेवर समितीचे हजारो निदर्शक काळी निशाणे घेऊन उभे होते. निदर्शने शांततेत पार पडली. लोकमत कोणत्या बाजूला आहे हे दिल्लीला कागदावर सांगण्याची गरज त्यानंतर फारशी उरली नाही, आणि यशवंतरावांनी ती संधी ओळखली. द्विभाषिकाचा प्रयोग आपण प्रामाणिकपणे राबवला पण तो लोकांच्या गळी उतरत नाही, असे ते श्रेष्ठींना सांगू शकले. १९५९मध्ये काँग्रेसच्या अध्यक्षपदी असलेल्या इंदिरा गांधींचाही कौल विभाजनाकडे पडला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला आणि ज्यांनी त्यासाठी रस्त्यावर लढा दिला त्यांच्याऐवजी ज्यांनी त्याची वाट पाहिली त्यांच्या हाती सत्ता राहिली.

त्यानंतरच्या अडीच वर्षांतले काम या प्रकरणाच्या दृष्टीने कळीचे आहे. शेतकरी कामगार पक्षातले यशवंतराव मोहिते यांच्यासारखे कार्यकर्ते काँग्रेसमध्ये आले. बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांना राज्याच्या सवलती लागू झाल्या. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१चा जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२पासून तो अमलात आला. सहकारी साखर कारखान्यांना राज्याच्या भागभांडवलाचे पाठबळ मिळाले, औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ उभे राहिले. बेरजेचे राजकारण या नावाने हे सारे ओळखले जाते आणि त्याचे श्रेय सामान्यतः यशवंतरावांच्या सौजन्याला, वाचनाला, माणसे जोडण्याच्या स्वभावाला दिले जाते. स्वभावाचा वाटा निश्चितच होता. पण जिल्ह्यातल्या एखाद्या तरुण, महत्त्वाकांक्षी कार्यकर्त्याच्या बाजूने पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट होते. त्याच्यासमोर आता जिल्हा परिषदेचे अध्यक्षपद होते, जिल्हा मध्यवर्ती बँकेचे संचालकपद होते, कारखान्याचे चेअरमनपद होते, खरेदी-विक्री संघ होता, विधानसभेचे तिकीट होते. विरोधी पक्षात राहून यांपैकी काही मिळवायचे तर ते झगडून मिळवावे लागे. काँग्रेसमध्ये येऊन ते वाटून घेता येत असे. मुख्यमंत्र्याकडे देण्यासारखे पुष्कळ होते, आणि ते देताना कोणाला किती, कधी आणि कोणाच्या शेजारी बसवून द्यायचे याचा यशवंतरावांचा अंदाज क्वचितच चुकला.

जुलै १९७९चे अपयश समजून घ्यायला माझ्या मते ही एक गोष्ट पुरेशी आहे. बेरीज करण्याची त्यांची कला नाहीशी झाली नव्हती. बेरीज ज्या ऐवजावर होत असे तो ऐवज त्यांच्या हातून गेला होता.

दिल्लीतली सतरा वर्षे

तो कसा गेला? २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले, कृष्ण मेनन यांना संरक्षण खाते सोडावे लागले आणि नेहरूंच्या बोलावण्यावरून यशवंतरावांनी २१ नोव्हेंबरला संरक्षणमंत्रिपदाची सूत्रे घेतली. हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेला, असे त्या वेळी अभिमानाने म्हटले गेले आणि आजही शाळेच्या भाषणात म्हटले जाते. वस्तुतः यशवंतराव एकटे गेले; सह्याद्री आपल्या जागीच राहिला आणि त्याला यथावकाश नवे धनी मिळाले. मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले, वर्षभरात त्यांचे निधन झाले, आणि डिसेंबर १९६३मध्ये आलेले वसंतराव नाईक अकरा वर्षांहून अधिक काळ टिकले. आरंभीच्या काळात मुंबईतले महत्त्वाचे निर्णय यशवंतरावांच्या सल्ल्याने होत. नाशिकमधून ते लोकसभेवर बिनविरोध निवडून गेले यावरून त्यांच्या शब्दाला राज्यात काय किंमत होती ते दिसते. परंतु उमेदवारीची यादी, कारखान्याचा परवाना, महामंडळावरची नेमणूक ही रोजची कामे मुंबईत होत होती, आणि रोज जो देतो त्याच्याशी माणूस जोडला जातो.

दिल्लीत त्यांच्याविषयी एक समज रूढ झाला : ते निर्णयाच्या क्षणी कुंपणावर बसतात. या समजाला छेद देणारा एक प्रसंग नोंदवणे आवश्यक आहे. १ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानने छांब विभागात रणगाडे घुसवले. त्या दुपारी लष्करप्रमुख जनरल चौधरी आणि हवाईदलाचे प्रमुख अर्जनसिंग संरक्षणमंत्र्यांकडे आले. हवाईदल वापरायचे तर युद्धाची व्याप्ती वाढणार, आपल्याच सैन्यावर चुकून मारा होण्याचा धोकाही होता, आणि अंधार पडायला थोडाच अवधी उरला होता. यशवंतरावांनी काही मिनिटांत परवानगी दिली आणि संध्याकाळ होण्यापूर्वी पठाणकोटहून विमाने उडाली. निर्णयाची जबाबदारी आणि अधिकार दोन्ही स्वतःकडे असताना ते कचरले नाहीत. पक्षांतर्गत सत्तास्पर्धेत अधिकार दुसऱ्याकडे असे, आणि तिथे ते थांबत, अंदाज घेत, दोन्ही बाजूंशी बोलत राहत. ही वागणूक मला स्वभावदोषापेक्षा परिस्थितीचा परिणाम वाटते, जरी तिची किंमत स्वभावदोषाइतकीच मोजावी लागली.

ती किंमत १९६९ साली ठळकपणे दिसली. राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीसाठी बंगळुरात काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक झाली, तेव्हा इंदिरा गांधींची पसंती जगजीवनराम यांना होती आणि गृहमंत्री यशवंतरावांनी मत दिले संजीव रेड्डी यांना. रेड्डी अधिकृत उमेदवार झाले आणि व्ही. व्ही. गिरी यांच्याकडून पराभूत झाले. त्यानंतर पक्ष फुटला तेव्हा यशवंतराव इंदिरा गांधींबरोबर गेले, मात्र बंगळुरचे ते मत विसरले गेले नाही. जून १९७०मध्ये पंतप्रधानांनी गृह खाते स्वतःकडे घेतले आणि यशवंतरावांना अर्थ खात्यात पाठवले. १९७४मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले. कागदावर प्रत्येक खाते मानाचे होते; पण पोलीस, गुप्तवार्ता आणि राज्यांशी रोजचा संबंध असलेले गृह खाते गेल्यावर पक्षातल्या माणसांना हात देण्याची त्यांची क्षमता कमी होत गेली. फेब्रुवारी १९७५मध्ये वसंतराव नाईक यांच्या जागी शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. ती निवड दिल्लीची होती, आणि दिल्ली म्हणजे यशवंतराव हे समीकरण तोवर संपले होते. आणीबाणीच्या एकवीस महिन्यांत ते मंत्रिमंडळात होते आणि जाहीरपणे गप्प होते. त्या मौनाचे समर्थन करता येत नाही. निवडणूक जाहीर होताच जगजीवनराम बाहेर पडले, तेव्हाही ते जागचे हलले नाहीत.

उरलीसुरली पकड १९७८ साली सुटली. विधानसभेच्या २८८ जागांपैकी जनता पक्षाला ९९, रेड्डी काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. एकमेकांना काल शिव्या घालणाऱ्या दोन काँग्रेसनी मिळून वसंतदादा पाटील मुख्यमंत्री आणि नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री असे सरकार केले. तिरपुडे यांच्या यशवंतराव गटावरील जाहीर टीकेने ते सरकार पहिल्या दिवसापासून कुरकुरत होते. जुलैमध्ये शरद पवार आपला गट घेऊन बाहेर पडले आणि १८ जुलै १९७८ रोजी जनता पक्ष, शेतकरी कामगार पक्ष आदींच्या साथीने पुरोगामी लोकशाही दलाचे मुख्यमंत्री झाले. यशवंतरावांची त्याला संमती होती की नव्हती यावर महाराष्ट्रात आजही एकमत नाही. परिणाम मात्र दोन्ही शक्यतांत सारखाच होतो. संमती असेल तर वसंतदादांसारखा जुना सहकारी त्यांनी गमावला. नसेल तर मानसपुत्र म्हणून ओळखला जाणारा नेताही त्यांना जुमानत नव्हता. कोणत्याही अर्थाने पाहिले तरी महाराष्ट्राची काँग्रेस त्यांच्या एका शब्दावर एकत्र येईल ही स्थिती उरली नाही. बरोबर एका वर्षाने, त्याच तारखेला, राष्ट्रपतींनी त्यांना बोलावले.

१८ ते २२ जुलै

या चार दिवसांत त्यांच्यापुढे कोणते मार्ग होते? जनता पक्षाचा मोरारजींच्या बाजूला उरलेला भाग हा लोकसभेतला सर्वांत मोठा गट होता, पण त्यांच्याविरुद्धच ठराव मांडलेला असल्याने ते दार बंद होते. राहिले दोघे : चरणसिंग आणि इंदिरा गांधी. दोघांची मते मिळाल्याखेरीज आकडा जुळत नव्हता, आणि दोघांना हवे होते ते यशवंतरावांकडे नव्हते.

चरणसिंगांनी जनता पक्ष फोडला तो पंतप्रधान होण्यासाठी. ते पद यशवंतरावांना देऊन स्वतः दुसऱ्या क्रमांकावर बसायचे असते तर मोरारजींचे उपपंतप्रधानपद सोडण्याचे त्यांना कारणच नव्हते. इंदिरा गांधींचा हिशेब वेगळा होता. आणीबाणीतल्या कृत्यांसाठी नेमलेली विशेष न्यायालये ही त्यांची तातडीची चिंता होती, आणि त्याहून खोलवर प्रश्न होता तो खरी काँग्रेस कोणती याचा. यशवंतराव पंतप्रधान झाले असते तर त्या प्रश्नाचे उत्तर इंदिरा गांधींच्या विरोधात गेले असते. विखुरलेले काँग्रेसजन सत्तेच्या दिशेने परतले असते आणि जानेवारी १९७८पासून त्यांनी जे उभारले होते ते ओसरू लागले असते. चरणसिंगांना पाठिंबा देण्यात तसा धोका नव्हता. काँग्रेस परंपरेबाहेरचा, उत्तर प्रदेश आणि हरियाणापुरता आधार असलेला, आणि पाठिंबा काढताच पडेल असा पंतप्रधान त्यांना सोयीचा होता. यशवंतराव दुबळे होते म्हणून इंदिरा गांधींनी त्यांना नाकारले, असे सांगितले जाते. मला उलट वाटते. पंतप्रधानपदी बसल्यावर ते प्रबळ होऊ शकले असते, म्हणूनच त्यांना नाकारणे भाग होते.

मुंबईत असते तर यशवंतरावांनी दोन्ही गटांतले दहा-दहा जण हेरले असते, कोणाला काय हवे ते जाणून घेतले असते आणि नेत्यांना वळसा घालून अनुयायांशी बोलणी केली असती. दिल्लीत त्यासाठी ना वेळ होता ना साधन. हिंदी पट्ट्यातल्या खासदाराला साताऱ्याच्या नेत्याकडून मिळण्याजोगे काही नव्हते. त्याचे तिकीट, त्याची जात, त्याचा जिल्हा यांच्या दोऱ्या अन्यत्र होत्या. २२ जुलैला यशवंतरावांनी असमर्थता कळवली, हे प्रांजळपणाचे होते. खोट्या यादीवर दावा करण्याचा मार्ग त्या आठवड्यात खुला होता, आणि पुढे काय झाले ते पाहिले म्हणजे त्यांच्या नकाराचे मोल कळते. राष्ट्रपतींनी मोरारजी आणि चरणसिंग यांच्याकडून समर्थकांच्या याद्या मागवल्या. त्या तपासल्यावर चरणसिंगांच्या बाजूला २६२ आणि मोरारजींच्या बाजूला २३८ अशी मोजदाद निघाली, काही नावे दोन्हीकडे आढळली, आणि आपल्या संमतीवाचून मोरारजींच्या यादीत आपले नाव घातल्याची तक्रार काही खासदारांनी केली. आयुष्यभर सचोटीचा दंडक मिरवलेल्या मोरारजींची अखेर या यादीने झाली.

उपपंतप्रधानपद

नकारापर्यंतचे यशवंतरावांचे वर्तन समजू शकते. माझा आक्षेप आहे तो त्यानंतरच्या निर्णयाला. २८ जुलैला चरणसिंग पंतप्रधान झाले आणि यशवंतराव उपपंतप्रधान व गृहमंत्री. नऊ वर्षांपूर्वी ज्यांनी काढून घेतले तेच गृह खाते आता ज्यांच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर मिळाले त्या इंदिरा गांधीच होत्या. म्हणजे ज्यांच्यापासून फारकत घेऊन दीड वर्ष वेगळी काँग्रेस चालवली त्यांच्याच मर्जीवर त्या काँग्रेसचा नेता मंत्री झाला.

जाहीरपणे दिलेले कारण तत्त्वाचे होते. जनसंघाचे प्राबल्य असलेल्या सरकारला पर्याय द्यायचा आणि धर्मनिरपेक्ष पक्षांची फळी बांधायची. पण नेमक्या त्याच वेळी मुंबईत पवारांच्या मंत्रिमंडळात जनता पक्षातले पूर्वाश्रमीचे जनसंघीय मंत्री बसत होते, आणि यशवंतरावांच्या जवळचे मानले जाणारे लोक त्यांच्या शेजारी बसत होते. सातारा-सांगलीतल्या कार्यकर्त्याने यातून काय समजावे? दिल्लीत जनता पक्ष शत्रू आणि मुंबईत मित्र. दिल्लीत इंदिरा काँग्रेस आधार आणि मुंबईत प्रतिपक्ष. पक्षनिष्ठा शिकवण्यात ज्याची हयात गेली त्या नेत्यानेच ही गुंतागुंत निर्माण केली होती.

दुसरा मार्ग उपलब्ध होता. चरणसिंगांना बाहेरून पाठिंबा देऊन यशवंतराव विरोधी बाकांवर राहू शकले असते. मोरारजींनंतर जनता पक्षाचे नेते झालेल्या जगजीवनराम यांच्याकडे गेलेले विरोधी पक्षनेतेपद त्यामुळे त्यांच्याकडे कदाचित राहिले नसते, परंतु सरकारच्या पतनाचे भागीदारही ते झाले नसते. तो मार्ग त्यांनी का घेतला नाही याचे एक उत्तर त्यांच्या सहकाऱ्यांत सापडते. १९४७पासून तीस वर्षे सत्तेत राहिलेल्या पक्षाच्या खासदारांना विरोधात बसण्याची सवयच नव्हती, आणि त्यांना एकत्र ठेवायचे तर मंत्रिपदे हे एकच साधन हाती होते. पुन्हा तोच मुद्दा : देण्यासारखे काही असेल तरच बेरीज टिकते. या वेळी देण्यासारखे जे मिळाले ते उसने होते.

उसनवारी महिनाभरही चालली नाही. विशेष न्यायालये मागे घेण्यास चरणसिंग तयार झाले नाहीत. लोकसभा विश्वासदर्शक ठरावासाठी भरण्याच्या तोंडावर इंदिरा गांधींनी पाठिंबा काढला आणि २० ऑगस्टला सभागृहाला सामोरे न जाताच चरणसिंगांनी राजीनामा दिला. जगजीवनराम यांनी दावा सांगितला होता, पण राष्ट्रपतींनी त्यांना संधी दिली नाही. २२ ऑगस्टला लोकसभा विसर्जित झाली. जुलैमध्ये शंभराच्या आत संख्या असलेल्या विरोधी पक्षनेत्याला बोलावणाऱ्या राष्ट्रपतींनी ऑगस्टमध्ये त्याहून मोठ्या गटाच्या नेत्याला का बोलावले नाही, हा प्रश्न घटनेच्या अभ्यासकांनी तेव्हाही विचारला आणि त्याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. यशवंतराव जानेवारी १९८०पर्यंत काळजीवाहू सरकारचे उपपंतप्रधान राहिले.

मतदारांचा हिशेब

जानेवारी १९८०च्या निवडणुकीत इंदिरा काँग्रेसला ३५३ जागा मिळाल्या. महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी ३९ इंदिरा काँग्रेसने आणि ८ जनता पक्षाने जिंकल्या. देवराज अर्स यांच्या अध्यक्षतेखाली गेलेल्या यशवंतरावांच्या काँग्रेसला राज्यात एकच जागा मिळाली, ती साताऱ्याची, खुद्द यशवंतरावांची. साताऱ्याने माणूस राखला, पण पक्ष कोणीच राखला नाही. फेब्रुवारीत पवारांचे सरकार बरखास्त झाले, मेअखेरच्या विधानसभा निवडणुकीत इंदिरा काँग्रेसने १८६ जागा घेतल्या आणि अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री झाले. कोकणातला, सहकाराच्या साखळीबाहेरचा मुख्यमंत्री नेमून दिल्लीने दाखवून दिले की १९६२ साली बांधलेल्या रचनेची परवानगी आता लागत नाही. वसंतदादा तोवर इंदिरा काँग्रेसमध्ये गेलेलेच होते.

१९८१मध्ये यशवंतरावांनी परतण्याची इच्छा जाहीर केली. प्रवेश लगेच मिळाला नाही. त्यांना काही महिने ताटकळत ठेवण्यात आले, आणि तो अपमान महाराष्ट्रातल्या त्यांच्या विरोधकांनाही रुचला नाही. प्रवेशानंतर मंत्रिपद मिळाले नाही. १९८२मध्ये त्यांची आठव्या वित्त आयोगाच्या अध्यक्षपदी नेमणूक झाली. राजकीयदृष्ट्या ती बाजूला बसवणेच होते, परंतु काम त्यांच्या अनुभवाला साजेसे होते : केंद्राने जमा केलेल्या करातून राज्यांना किती द्यायचे. एका राज्याचा मुख्यमंत्री आणि देशाचा अर्थमंत्री, अशा दोन्ही बाजूंनी हे मागणे आणि नाकारणे अनुभवलेला अध्यक्ष आयोगाला मिळाला होता. उत्पादन शुल्कातला राज्यांचा वाटा ४० टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर न्यावा आणि वाढीव ५ टक्के तुटीच्या राज्यांसाठी राखून ठेवावेत, अशी शिफारस आयोगाने केली. अहवाल १९८४मध्ये सादर झाला आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला दिल्लीत यशवंतरावांचे निधन झाले.